काचेआडची नोझलवाली

लातूरच्या नांदेड रोडला गॅरेजांची लांबच लांब रांग आहे. त्या रांगेत टायरवाला आणि रेडिएटरवाला यांच्या मधे ग्यानोबा मेस्त्रींचं दुकान. पुढं पत्र्याची शेड, शेडखाली बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जीपा आणि पिकअप. आणि पार आत, भिंतीला चिकटून, काचेची एक खोली. नवं गिऱ्हाईक त्या खोलीकडं पहिल्यांदा बघतं तेव्हा जरा थबकतंच. आत डोक्याला टोपी आणि अंगात निळा एप्रन घालून एक बाई मशीनपुढं बसलेली असते. मान खाली, हातात बोटाएवढा लोखंडी तुकडा, आणि काचेबाहेर काय चाललंय याची जणू तिला गंधवार्ता नाही.

ती बबिता. ग्यानोबांची सून.

बबिता उमरीकडची. बारावी सायन्स झालेली, गणितात बरी. लग्न होऊन लातूरला आली तेव्हा या दुकानात काचेची खोली नव्हती आणि बाईमाणसाचं तिथं कामही नव्हतं. ट्रकांचे, ट्रॅक्टरांचे जुने पंप यायचे आणि ग्यानोबा ते उघड्यावर, पाटावर मांडी घालून खोलायचे. जुना पंप मनजे बैल होता. पाणी मिसळलेलं डिझेल पाजा नाहीतर गाळ पाजा, खोकत-खोकत का होईना, ओढत राहायचा. बिघडला तरी आधी महिनाभर कुरकुरायचा, मग बंद पडायचा. ग्यानोबांचा मुलगा हनुमंत बापाच्या हाताखाली तेच शिकला.

मग नवी इंजिनं आली. त्यांचा कारभारच निराळा. पंप डिझेलला प्रचंड दाबानं एका जाड नळीत कोंडून ठेवतो. त्या नळीला रेल मनतात. रेलमधून ते चारी नोझलांना जातं, आणि कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर नोझल पापणी लवायच्या आत उघडून मिटतं. नोझलाची भोकं केसाएवढी बारीक. धुळीचा एक कण गेला की संपलं. इंजिनं चालायची छान, तेल कमी प्यायची, धूर नाही, खडखड नाही. पण बिघडली की जुन्या मेस्त्र्यांना हात लावता येईना. ग्यानोबांनी होतं नव्हतं ते घालून टेस्ट करायचं मशीन आणलं आणि त्याला धूळ लागू नये मनून काचेची खोली बांधली. ती खोली हनुमंतासाठी होती.

आणि मग एके दिवशी ते झालं. शेडमधे एक पिकअप चालू अवस्थेत उभी होती. नळीच्या जोडाशी डिझेल झिरपतंय असं वाटून हनुमंतानं बोट फिरवून बघितलं. जुन्या इंजिनावर बाप तसंच करायचा, पोरानंही तसंच केलं. बोटाला काटा टोचल्यासारखं झालं, एवढंच. रक्तही आलं नाही. नुसता एक पांढरा ठिपका. त्यानं हात पुसला, काम उरकलं, घरी येऊन जेवला. सकाळी उठला तर पंजा भाकरीसारखा फुगलेला. दवाखान्यात डॉक्टर मनाले, डिझेल कातडीतून आत शिरून मनगटापर्यंत पसरलंय, तडक आला असतात तर गोष्ट वेगळी होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली. बाकीची राहिली, पण आखडली.

त्यानंतर हनुमंत काउंटरवर बसायला लागला. गिऱ्हाइकांशी बोलायचा, फोन घ्यायचा, माल मागवायचा. बोलायला तो मुळात गोड. पण काचेच्या खोलीच्या दाराशी आला की त्याची पावलं थांबायची. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला की तो उठून चहाच्या टपरीकडं जायचा. घरात याबद्दल कुणी कधी बोललं नाही. ग्यानोबांचे डोळे अधू झालेले. मशीनवर तर धूळ बसायला लागली होती. तेव्हा बबिताच एकदा जेवता-जेवता मनाली, "मामा, मी बसून बघू का? मशीनसंगं पुस्तक हाय की."

तिला वाटलं होतं, काही दिवसांची गोष्ट. हनुमंताचा हात बरा होईल, मनातली भीती जाईल, मग तो बसेल. तिनं पुण्याला जाऊन कंपनीचं शिक्षण घेतलं. परत आली, बसली, आणि तिचा हात बसला तो असा की उदगीर, अहमदपूर, मुखेडपासून नोझलं येऊ लागली. काही दिवसांची आठ वर्षं झाली.

आता त्या खोलीत बसणं मनजे काय, ते सांगायला हवं. दार उघडं ठेवायचं नाही, कारण रस्ता मोठा करायचं काम सुरू आणि ट्रकांमागं धुळीचे लोट. पंखा लावायचा नाही. बांगड्या नाहीत, पावडर नाही, कुंकू नाही; टिकली तेवढी चालते. लहानसा एसी आहे, पण तो मशीनसाठी. लाइट गेली की आधी तो बंद, आणि उन्हाळ्यात लातूरची लाइट जातेच. मग काच तापते, टेस्टिंगच्या तेलाचा वास डोक्यात चढतो, टोपीखालून घाम कानामागं उतरतो, आणि हातात उघडलेलं नोझल असलं तर उठताही येत नाही. बाहेरचं सगळं दिसतं, ऐकू काही येत नाही. लोक येतात, काचेला नाक लावून बघतात. कुणी हसतो, कुणी मोबाइल काढून फोटो घेतो. बाहेर सासरा, नवरा, गिऱ्हाईक तिच्याच कामाबद्दल बोलत असतात आणि तिला नुसते ओठ हलताना दिसतात. पहिल्या-पहिल्यांदा तिला याची गंमत वाटायची. मग सवय झाली. अलीकडं मात्र दार लावून घेतलं की दोन मिनिटं ती नुसतीच स्टुलावर बसून राहायची.

तनुजा मॅडमचा फोन आला तो अशाच दिवसांत. या तनुजा मॅडम पुण्याच्या शिक्षणात तिच्या संगं होत्या. आता नांदेडला एका खाजगी ट्रेनिंग सेंटरमधे शिकवतात. त्यांनी सांगितलं, मुलींची डिझेल मेकॅनिकची बॅच काढायची आहे, शिकवायला बाई हवी, आणि हातानं काम केलेली हवी. "तू ये. एकदा बघून तरी जा."

तिनं घरी सांगितलं. सासू केवळाबाईंनी भाकरी थापता-थापता एकदा तिच्याकडं, एकदा ग्यानोबांकडं बघितलं. हनुमंत मनाला, "जा की बघून. आडवलंय कोन तुला?"

खरंच कुणी अडवलं नव्हतं. ती एसटीनं नांदेडला गेली. सेंटरच्या हॉलला चारी बाजूंनी खिडक्या होत्या आणि सगळ्या उघड्या होत्या. मधोमध अर्धं कापलेलं इंजिन ठेवलेलं, आतलं सगळं दिसावं मनून. चार-पाच मुली प्रवेशाची चौकशी करायला आलेल्या होत्या. कुणी बिलोलीची, कुणी मुदखेडची. एकीनं विचारलं, "ताई, नोझल खराब कशानं होते?" बबितानं सांगायला सुरुवात केली आणि सांगतच राहिली. नव्या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं ऑइल; डिझेलात रॉकेल नाहीतर पाणी मिसळलं की आत लोखंडावर लोखंड घासतं, त्याची भुकटी पडते, आणि ती भुकटी रेलमधून थेट नोझलात जाते. मग नोझल बदलून काय उपयोग? पंप भुकटी सोडतोच आहे. बोलता-बोलता तिच्या ध्यानात आलं की आपण कितीतरी वर्षांत इतकं सलग, इतक्या मोठ्यानं बोललेलो नाही. मुली ऐकत होत्या. खिडकीतून वारा येत होता.

तनुजा मॅडम निघताना मनाल्या, "दिवाळीनंतर बॅच सुरू होईल. तोवर मला काय ते कळव."

परतीच्या एसटीत लोह्याच्या पुढं हनुमंताचा पहिला फोन आला. मग दुसरा. अहमदपुरात गाडी थांबली तेव्हा तिसरा. कुणाचं नोझल कुठं ठेवलंय, मशीनचं कोणतं बटन, ती किती वाजता पोचते. ती पोचली तेव्हा शेडखाली गाड्यांची दाटी झालेली होती आणि काउंटरवरचा हनुमंत तिच्याकडं असा बघत होता, जणू ती त्याला वाटेत सोडून गेली होती. चप्पल काढून तिनं टोपी घातली आणि आत जाऊन बसली.

त्या दाटीत सिद्धरामची जीप होती.

सिद्धराम उदगीरकडचा. उदगीर ते नांदेड सीटा भरून वडाप करायचा; नवरात्रात आणि पुनवेला लोकांना माहूरला देवीच्या दर्शनाला न्यायचा. माणूस हसतमुख, पण डिझेल घ्यायचा ते सीमेपलीकडून, कर्नाटकातून येणारं, स्वस्तातलं, ड्रममधलं. त्याची गाडी त्याच वर्षात दोनदा येऊन गेली होती. सकाळी लवकर उठायची नाही, चढाला दम टाकायची. दोन्ही वेळा बबितानं नोझलं साफ केली, आतले वॉल्व बदलले, मशीनवर तपासली, एकदम बरोबर आली. आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत गाडी पुन्हा दारात.

या वेळी तिनं नोझल उघडलं आणि दिव्याखाली धरलं. आतल्या जाळीवर चंदेरी भुकटी चमकत होती, राखेसारखी बारीक. ती उठली, दार उघडून बाहेर आली.

"ह्यांचा पंप लोखंड सोडायला लागलाय," ती हनुमंताला मनाली. "पंप, रेल, नळ्या, सगळं बदलावं लागतंय. टाकी धुवावी लागतीय. नुसत्या नोझलानं भागत न्हाई आता."

सिद्धराम कपाळाला हात लावून उभा राहिला. "वैनी, नवरात्र तोंडावर आलंय. माहूरच्या ट्रिपा धरल्यात मी. माजी म्हातारी आव्वापण जायलीय दर्शनाला. एवढं मोटं काम आता कसं काडू? तुमी नोझल करून द्या. दिवाळीनंतर सगळं करू."

"टिकायचं न्हाई, भाऊ."

"दोनदा टिकलं की! तुमच्या हाताला गुण हाय."

हनुमंतानं मधे हात घातला. "करून देऊ रे. बबिता, दे करून. जुना गिऱ्हाईक हाय." आणि सिद्धरामला मनाला, "काळजी करू नको. ग्यारंटी आपली."

बबिता काही बोलायला गेली. मागं आणखी गिऱ्हाइकं उभी होती. कुणीतरी फोनवर मोठ्यानं बोलत होतं, आणि काचेचं दार उघडं राहिल्यानं धूळ आत चाललीय हे तिला दिसत होतं. ती आत गेली. दार लावलं. नोझलं धुतली, भुकटी काढली, वॉल्व बदलले, मशीनवर लावली. आकडे बरोबर आले. दुसऱ्या दिवशी जीप हॉर्न वाजवत गेली.

नवरात्राच्या शेवटाला, भर दुपारी, जीप माहूरच्या चढावर बंद पडली. गाडीत माणसं भरलेली. सिद्धरामनं नंतर सांगितलं तसं, खाली गाडी अगदी ठणठणीत होती. वळणावर त्यानं दुसऱ्या गियरात टाकून रेस दिली, आणि इंजिन शब्दही न बोलता गप झालं. पंपाला दाब धरता आला नाही. इंजिन बंद पडल्याबरोबर स्टेअरिंग दगडासारखं झालं, ब्रेक लाकडासारखा. गाडी मागं सरकायला लागली. एका अंगाला दरी. त्यानं होता नव्हता तो जोर लावून गाडीचं मागचं अंग डोंगराच्या बाजूला घातलं. गाडी कडेला आदळून थांबली. माणसं वाचली. पुढं बसलेली त्याची आई, नागम्मा, दारावर आपटली. खांद्यापासून हात मोडला.

चार दिवसांनी सिद्धराम दुकानात आला. बबिता आत होती. तिला नुसतं दिसत होतं. त्याचा हात वर-खाली होतोय, शेजारचा टायरवाला उठून आलाय, ग्यानोबा खुर्चीतून उठायला बघतायत. हनुमंत पहिल्यांदा हात जोडून बोलत होता. मग तो एकदम मागं सरला आणि त्यानं बोट केलं. काचेकडं. तिच्याकडं.

शब्द ऐकू आले नाहीत, पण ओठ वाचायची सवय आठ वर्षांची. "काम तिनं केलंय," हनुमंत मनाला होता.

सगळ्यांच्या माना वळल्या. ती स्टुलावर बसलेली, हातात कुणाचं तरी नोझल, आणि बाहेर माणसांची रांग तिच्याकडं बघणारी. लपायला त्या खोलीत हातभरही आडोसा नव्हता. तिनं नोझल ताटलीत ठेवलं, बाहेर आली.

"हाव," ती मनाली. "काम मी केलंय. पर पंप गेलाय मनून सांगितलं होतं का न्हाई, भाऊ?"

सिद्धराम ओरडायचा थांबला. त्याला आठवत होतं. पण त्यामुळं त्याचा राग कमी झाला नाही, उलट त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग कामून करून दिलं?" तो मनाला. "तुमाला ठावं होतं, तर करून कामून दिलं?"

आणि तसाच तरातरा निघून गेला.

त्या रात्री हनुमंत तिच्याशी बोलायला दोनदा आला आणि दोनदा तसाच परतला. बबिताला त्याचा राग आला होता, पण त्याहून मोठी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती, आणि त्यानं तिचा जीव गुदमरत होता. दिवाळी आता आली. आत्ता नांदेडला गेली तर सगळा नांदेड रोड मनणार, बाई पळाली. नाही गेली तर ती जागा हातची जाणार. गेली तरी मागं दुकान बुडणार, राहिली तर हेच करत राहणार. सगळी दारं तिनं एकेक करून ढकलून बघितली. एकही हललं नाही.

दोन दिवसांनी ती ग्यानोबांना मनाली, "मामा, उदगीरला चला माज्यासंगं. त्या मावशीला बघून येऊ."

नागम्मा ओसरीवर बाजेवर बसलेली होती, हात गळ्यात अडकवलेला. सिद्धराम घरात नव्हता. म्हातारीनं दोघांना बसायला सांगितलं, सुनेला चहा टाकायला लावला, आणि बबिताकडं निरखून बघत विचारलं, "तूच का काचंतली?"

"हाव."

"माजं पोरगं सांगायला की तुला आदीच ठावं होतं. खरं का?"

ग्यानोबा काही बोलायला गेले, बबितानं त्यांना थांबवलं. "खरं हाय, मावशी. मी सांगितलं होतं त्यांला."

"कसं सांगितलंस?"

बबिता गोंधळली. कसं मनजे काय?

"हळू सांगितलं आसशील," म्हातारी मनाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आमच्या सिद्ध्याला हळू सांगितलेलं कळत न्हाई. माज्या नवऱ्याला बी कळत नव्हतं. त्यांला वाटतंय, बाई हळू बोलायली मनजे तिचं तिलाच खरं वाटंना. तू मोट्यानं सांगायचं होतंस. न्हाई करत मनून नोझल त्याच्या हातात ठिवायचं होतंस." मग चहाचा कप डाव्या हातानं तिच्याकडं सरकवत, "घे. निवतंय."

परतताना चाकूर आलं तेव्हा ग्यानोबा एकदम मनाले, "हनम्याला बोट लावून बगायची सवय मीच लावली. मी जन्मभर तसंच बगितलं. मला काय झालं न्हाई, आन् त्याचा हात गेला." थोड्या वेळानं, "तुला मी त्या खोलीत बसवली, ती बी त्यापायीच. तू बसलीस, मला बरं वाटलं. पुन्यांदा कधी इचारलं न्हाई, बसायचंय का मनून."

बबिता खिडकीतून बाहेर बघत राहिली. सोयाबीन काढून झालेली रानं मोकळी पडली होती. तिला सासऱ्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी.

त्यानंतर तिनं एक केलं. गिऱ्हाइकाशी बोलायला आता ती स्वतः बाहेर यायला लागली. पंप भुकटी सोडतोय असं दिसलं की ती नोझलं परत गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची आणि शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "अर्धं काम इथं व्हायचं न्हाई. करायचं तर सगळं, न्हाई तर गाडी घिऊन जा." पहिल्यांदा लोक चिडून गेले. हनुमंत काउंटरवर चुळबुळत राहिला. एकदा न राहवून मनाला, "आगं, बाजूच्या दुकानात करून देयलेत लोकं."

"द्यू द्या," ती मनाली. "माहूरचा चढ त्यांला बी लागंल."

गेलेले काही परत आलेच नाहीत. पण सिद्धराम आला. त्यानं जीप टोचन लावून आणली होती. नवा पंप, नवी रेल, धुतलेली टाकी, सगळं झालं. जाताना बबिताशी तो फार बोलला नाही, पण पुढं मुखेडपर्यंत त्यानंच सांगितलं की, लातूरच्या बाईनं नाही मनलं तर समजायचं नाहीच, आणि हो मनलं तर डोळे झाकून माहूर चढायचं. गाड्या पूर्वीपेक्षा वाढल्या. आणि प्रत्येकाचं एकच: काम बाईच्याच हातचं पाहिजे. बाई नसली तर थांबतो. ज्या खोलीतून निघायला बघत होती, तिच्यात ती आणखीच घट्ट बसली.

दिवाळी होऊन गेली. तनुजा मॅडमचा फोन आला. बबितानं शेडच्या बाहेर जाऊन सांगितलं, "मॅडम, एवढ्यात जमायचं न्हाई." "ठीक आहे, बाई मिळत नाही तर उदगीरचा एक मुलगा आहे, त्याला घेते," असं उत्तर आलं. ती परत आत येऊन बसली. नोझल मशीनवर चढवलं. आकडे डोळ्यांपुढं दिसत होते, पण वाचता येत नव्हते. मशीन बंद करून ती तशीच बसून राहिली.

काचेवर टकटक झाली. हनुमंत होता. नेहमीसारखा दाराशी थांबला होता. तिनं मान हलवली: काय?

त्यानं चप्पल काढली. खुंटीवरची जास्तीची टोपी घेतली, डोक्यावर ओढली, आणि आत आला. आठ वर्षांत पहिल्यांदा. दार त्यानंच लावलं. तोंड पांढरं पडलेलं, ओठावर घाम.

"फोन ऐकला मी," तो मनाला. मग, "त्या दिवशी बोट केलं तुज्याकडं. मला लई..." त्यानं मशीनकडं बघितलं. "शिकीव मला."

"हात?"

"तीन बोटं हायत की."

तिनं मशीन सुरू केलं. दाब चढायला लागला आणि घरघर वाढली तसा हनुमंत भिंतीला टेकला, आणि दाब पुरा चढायच्या आत दार उघडून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. जरा जास्त वेळ थांबला. असं कितीतरी दिवस चाललं. आखडलेल्या बोटांनी बारीक वॉल्व धरता येईना, तेव्हा त्यानं चिमटा वाकवून आपल्या हातापुरता करून घेतला. चिडला, एक महागाचं नोझल जमिनीवर पाडलं, दोन दिवस खोलीकडं फिरकला नाही, पुन्हा आला. ती शिकवताना ओरडायची. दोघं त्या कोंदट खोलीत खांद्याला खांदा लावून बसायची आणि भांडायची, आणि बाहेरून ग्यानोबांना नुसते दोघांचे ओठ हलताना दिसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात बबिता उमरीला आईकडं गेली. आठ-नऊ वर्षांत लग्नकार्य सोडलं तर ती माहेरी राहिलीच नव्हती. पहिल्या दिवशी हनुमंताचे फोनवर फोन. या नोझलाचं रिटर्न, परत फिरणारं डिझेल, जास्त येतंय, काय करू? त्या गाडीचा कॉम्प्युटर नोझलाचा कोड घेईना. ती हातातला घास ठेवून, उठून, अंगणात फेऱ्या मारत सांगत राहिली. आई मनाली, "आगं, बैस तरी." दुसऱ्या दिवशी दोनच फोन आले.

तिसऱ्या दिवशी एकही नाही. तिनं दोनदा मोबाइल बघितला, रेंज होती. दुपार झाली. तिला राहवेना, तिनंच लावला.

"कामून फोन न्हाई केला?"

"काम करायलो," हनुमंत मनाला. मागं मशीनची घरघर ऐकू येत होती. "जमायलंय. अहमदपूरची गाडी होती. पंप गेला मनून परत लावून दिली. मोट्यानं सांगितलं." आणि, "तू ऱ्हा अजून. येऊ नको एवढ्यात."

तिनं फोन ठेवला. तिला हलकं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण त्याच्या आत कुठंतरी काहीतरी खुपलं. इतकी वर्षं आपण ज्याच्याखाली दबून गेलो, ते आपल्यावाचून चालतंय, हे ऐकून कसं व्हावं हे तिचं तिलाच कळेना. नांदेडची जागा गेली होती. लातूरला परत जायचंच होतं. हनुमंताला अजून निम्मंच येत होतं, आणि बाईच्याच हातचं मागणारे थांबणार होतेच. हे सगळं तिला ठाऊक होतं.

आईनं तिच्याकडं बघितलं. "काय गं? काय झालं?"

"काय न्हाई," ती मनाली. कडुलिंबाखाली आईनं वाकळ अंथरली होती. तिच्यावर ती आडवी झाली, मोबाइल उशाशी पालथा ठेवला, आणि भर दुपारी, कितीतरी वर्षांनी, गाढ झोपली.